ताईचा तारा माझ्या गळ्यात

मंडळी, फार उशिरा लिहितोय, माफ करा. सौंसरहून परतून महिना होत आला. पण रोज संध्याकाळी मान वर करून उभं राहायचं म्हटल्यावर खाली बघून लिहायला मान उरत नाही.

झालं असं की सौंसरच्या कुसुमताईचा फोन आला, ये, काम आहे. ताई माझी मोठी मावसबहीण. आमच्या भागातून वेधशाळेत नोकरीला गेलेली पहिली बाई. मी आठवीत शाळा सोडलेला. तिचं माझ्याकडे काय काम असणार? आजार, मृत्युपत्र, बागेची राखण, सगळं मनात येऊन गेलं.

पांढुर्ण्याहून सकाळची बस धरा. मंगळवार-शनिवार टाळा, जामसावळीच्या मारुतीची गर्दी असते. मी शनिवारीच गेलो. ब्रेकबद्दल दोनदा विचारलं, तर कंडक्टर म्हणाला, "काका, तुम्हीच चालवून घ्या गाडी. मी मांगं बसतो." सौंसरला स्टँडसमोर पोहे खा, पण वरची तिखट तर्री वेगळी मागा. मी मागितली नाही, आणि बागेपर्यंत ऑटोत उचक्या देत गेलो.

बागेत संत्र्यांची तोड चालू होती. ताईने मला ओट्यावर बसवलं, पुढे एक मोठं आणि एक लहान संत्रं ठेवलं, मधल्या आकाराचं हातात दिलं. तिने विचारलं, हे आकाराने कोणाच्या जवळचं? मी म्हटलं, लहानाच्या. मग मोठ्याच्या. मग परत लहानाच्या, पण जरासंच. ताई एवढी हसली की तोडणाऱ्या बाया वळून पाहायला लागल्या.

जेवताना खरं काम कळलं. नोकरीच्या सुरुवातीला रात्री दुर्बिणीच्या घुमटात बाईमाणूस नको, असं साहेबांचं म्हणणं होतं. ताईने मग दुर्बीण लागतच नाही असा तारा धरला, मृगातला तांबडा काक्षी. त्याचं तेज कमीजास्त होतं. त्याच्या दोन बाजूंचे तारे, प्रश्वा बहुधा त्याच्याहून तेजस्वी, रोहिणी मंद. काक्षी त्या दोघींत कुठे बसतो, ते गच्चीवरून नोंदवायचं. ही रीत ती बापाच्या बागेत संत्री निवडताना शिकली होती. पुढे त्याच नोंदींनी तिचं नाव झालं, आणि त्याच घुमटाची किल्ली तिच्या हाती आली.

आता तिच्या डोळ्यांचे पडदे गेलेत. नोंद तुटणार, म्हणून ती मी पुढे चालवायची. मी म्हटलं, घरात एवढी शिकलेली पोरं आहेत, त्यांना दे.

"ते एकडाव पाहतेत अन् सांगून मोकळे होतेत," ताई म्हणाली. "तू कुलूप लावून तीनदा ओढून पाहतं. मले असाच घाबरट पाहिजे."

अंधार पडल्यावर तिने अंगणात तारे दाखवले, स्वतःला न दिसणारे, नुसत्या बोटाने. वर बजावलं, टक लावायची नाही; तांबडा तारा टक लावली की जास्तच चमकतो. आता मला टक लावल्याशिवाय काळजी करता येत नाही, हे तिला कोण सांगणार?

घरी आलो तो ही नवी काळजी घेऊनच. पण गुडघा, गॅस आणि वीजबिल यांच्यापेक्षा ही मला बरी वाटते. दर रविवारी ताईला फोनवर सांगतो.

परवापासून मात्र काक्षी वेगळाच दिसून राहिला आहे. तारा बदलला की माझा मोतीबिंदू, समजत नाही. चुकीचं सांगितलं तर तिच्या जन्मभराच्या कामात खोट माझ्यामुळे. मला काय दिसलं ते सांगत नाही, नाहीतर तुम्हालाही तेच दिसेल. आज अंधार पडला की दक्षिणेकडे तोंड करून वर पाहा. डावीकडे प्रश्वा, उजवीकडे रोहिणी, मध्ये तांबडा काक्षी. तो कोणासारखा दिसतो एवढंच लिहा, पण रविवारच्या आत कळवा हो.