सहा नंबरच्या बेडचा मेसेज

आमच्या हॉस्पिटलच्या दर्शनी काचा इतक्या वेळा फुटल्या आहेत, की नई सडकेवरचा काचवाला आता माप घ्यायलाही येत नाही. फोनवरच विचारतो, "भाईसाहब, वही साइज?" पेशंट गेला की काच जाते. कधी काच, कधी कॉम्प्युटर, कधी एखाद्या वॉर्डबॉयचं नाक. आमच्या या भागात माणसं दुःख बसून करत नाहीत, उठून करतात. मला त्याचं फारसं नवल वाटत नाही. माझे पूर्वज दख्खनेतून तलवारी घेऊन ग्वाल्हेरला आले. तलवारी गेल्या, मी हॉस्पिटलची मेल सांभाळायला लागलो, पण आमच्या घराण्यात हात अजून जिभेच्या आधी उठतो.

मेल सांभाळणं म्हणजे काय, ते सांगतो. लॅबच्या मशीनने रक्तातला एखादा आकडा धोक्याचा काढला, की ते मशीनच वॉर्डच्या डॉक्टरला मेल टाकतं आणि माझा सर्व्हर त्या मेलचा मेसेज करून डॉक्टरच्या मोबाइलवर धाडतो. मी नोकरीला लागलो तेव्हा डॉक्टरांच्या कमरेला पेजर असायचे. पेजर किणकिणला की डॉक्टर शिव्या देत फोन शोधत हिंडायचे. पेजर गेले, मोबाइल आले, शिव्या तेवढ्या माझ्या वाट्याला राहिल्या. "मेसेज नहीं आया!" मेसेज का येत नाही हे मला तोंडपाठ आहे. डॉक्टरने नंबर बदललेला असतो आणि सांगितलेलं नसतं. मेलचा डबा लग्नाच्या फोटोंनी तुडुंब भरलेला असतो. आणि बहुतेक वेळा मेसेज आलेला असतो, साहेब झोपलेले असतात. या झोपेवर उतारा म्हणून मी सगळ्यांच्या मोबाइलमध्ये एक आवाज बसवून दिला होता. फोन मुका ठेवला तरी तो किंचाळणारच, तोही भिंतीपलीकडे ऐकू जाईल असा. त्याचा मला भारी अभिमान होता.

किडनीच्या वॉर्डात तेव्हा दोन ज्युनियर डॉक्टर होते. एक भिंडकडचा मुलगा, उंच, मिशा राखलेला, कामाला वाघ. दुसरी आमच्यातली मुलगी. तिचे वडील आणि मी माधवगंजात भिंतीला भिंत लावून वाढलो, त्यामुळे ती मला सगळ्यांसमोर काका म्हणायची. दोघांनी एक सोय करून ठेवली होती. ज्याला बाहेर जायचं त्याने आपल्या मेलवर दुसऱ्याचं नाव लावायचं, म्हणजे त्याचे रिपोर्ट दुसऱ्याच्या फोनवर जातील. एकमेकांना सांगायचंसुद्धा नाही. सांगितलं की सिनियरच्या कानावर जातं, मग रजेचा अर्ज, मग लेक्चर. मी दोघांना बजावलं होतं की एक दिवस तुम्ही दोघं एकदम बाहेर जाल. मुलगा हसून म्हणाला होता, "चाचा, ऐसा थोड़े ही होता है."

ज्या दिवशी तसं झालं तो महालक्ष्मीच्या जेवणाचा दिवस होता. डॉक्टर मुलीचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. सासरी पहिल्याच महालक्ष्म्या, आणि सवाष्ण म्हणून पानावर बसायचं तिलाच. डॉक्टर असो की कलेक्टर, पुरणाच्या ताटावरची सवाष्ण उठत नाही आणि तिच्यावाचून घरातलं कुणी जेवत नाही. दुपारी तिने मेलवर मुलाचं नाव लावलं आणि स्कूटीवरून थाटीपुरला सासरी गेली. मुलगा त्याआधीच निघून गेला होता. वडिलांच्या बंदुकीच्या लायसन्सचं काहीतरी अडलं होतं, कचेरीत साहेब त्याच दिवशी भेटणार होते. जाताना त्याने आपल्या मेलवर तिचं नाव लावलं होतं.

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तेच. मशीनने मेल टाकली. ती मुलीकडून मुलाकडे गेली, मुलाकडून मुलीकडे आली, पुन्हा मुलाकडे. एकच मेल गरगर फिरतेय हे पाहून सर्व्हरने ती बाजूला अडकवून ठेवली. मेसेज कुणालाच गेला नाही. सहा नंबरच्या बेडवर मुरैनाकडचा एक माणूस होता, चाळिशीचा, डायलिसिसवर. त्याच्या रक्तात पोटॅशियम इतकं वाढलं होतं की हृदय कधीही थांबलं असतं. ते थांबलं. सिस्टरने आरडाओरडा केला, कॅज्युअल्टीचा डॉक्टर धावत आला, छाती दाबदाबून त्याच्या बरगड्या मोडल्या. उपयोग झाला नाही.

सिनियर साहेबांनी बाहेर येऊन नातेवाइकांना सांगितलं, "ऊपरवाले की मर्जी." मेलेल्या माणसाचा धाकटा भाऊ तिथे उभा होता. त्याने विचारलं, वॉर्डची डॉक्टर कुठे आहे? साहेब म्हणाले, राउंडवर आहेत. सिस्टर म्हणाली, जेवायला गेल्यात. रिसेप्शनवरचा म्हणाला, आज आल्याच नाहीत. तीन तोंडांतून तीन गोष्टी ऐकल्यावर कुणाचंही डोकं फिरेल, माझंही फिरलं असतं. भावाने रिसेप्शनवरचा मॉनिटर उचलून त्याच माणसाच्या तोंडावर मारला. खाली ट्रॅक्टर-ट्रॉलीतून आलेली गावची माणसं होती, ती लाठ्या घेऊन वर आली. काच गेलीच.

मुलगी तेवढ्यात मागच्या दाराने आत आली. जरीची साडी, नाकात नथ, हाताला पुरणाचा वास. तिला काहीच माहीत नव्हतं. मी तिचा दंड धरला, सर्व्हरच्या खोलीत ओढली आणि आतून कडी लावली. "नथ काढ," मी म्हणालो. तिने विचारलं, "काका, झालं काय?" मी सांगितलं. तिने नथ काढून कमरेला खोचली.

बाहेर ते एकेक खोली उघडून पाहत होते. "डॉक्टरनी कहाँ है? निकालो बाहर!" कुणाला तरी मारत होते. मार खाणारा आधी ओरडत होता, मग नुसता कण्हत होता. तो आमचा लिफ्टवाला होता हे मला नंतर कळलं. खरं सांगतो, मला भीती वाटत नव्हती, राग येत होता. त्या लोकांचा, साहेबांचा, या मूर्ख पोरीचा आणि त्या मिशावाल्या पोराचाही. पोलिसांना फोन झाला होता, ते येईपर्यंत हे दार टिकलं पाहिजे एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी टेबल ओढून दाराला लावलं.

ती स्क्रीनसमोर आली होती. अडकलेल्या मेलची रांग तिने पाहिली. सहा नंबरच्या बेडच्या मागे आणखी रिपोर्ट होते, आठ नंबर, अकरा नंबर, सगळे दुपारपासून तसेच.

"काका, हे सोडा आधी. अकरा नंबरच्या आजींचं पण वाढलं आहे."

"आत्ता नाही."

"त्या मरतील नं! जल्दी करा. कॅज्युअल्टीचं नाव लावा, तिकडे डॉक्टर आहे."

मी तिचं आणि मुलाचं, दोघांचं फॉरवर्ड काढलं, कॅज्युअल्टीच्या डॉक्टरचा नंबर जोडला आणि रांग मोकळी केली. त्या मेल ज्यांच्या नावाच्या होत्या त्यांच्या फोनवरही जाणारच होत्या. हे एरवी मला झोपेतही सुचलं असतं, पण आजूबाजूच्या दारांवर लाथा बसत असताना नाही सुचलं.

तिचा फोन किंचाळला. तिने तो पोटाशी दाबला, पदरात गुंडाळला, पण मीच बसवलेला आवाज होता तो, थांबतोय कसला. एक संपला की दुसरा सुरू. बाहेरचा गोंधळ थांबला. मग कुणीतरी दाराच्या अगदी जवळून म्हणालं, "इसी में है."

कडी तिसऱ्या धक्क्याला निघाली. मी टेबलावरून उडी मारून पहिल्याच्या तोंडावर ठोसा लगावला. त्याचा दात माझ्या बोटात रुतला, मला बरंही वाटलं. मग कुणीतरी माझ्या पाठीत लाठी घातली आणि मी गुडघ्यांवर आलो. भावाने मुलीचा अंबाडा धरून तिला बाहेर काढलं, हातातला फोन हिसकावला आणि वाचला. त्याला इंग्रजी येत होतं. मेसेजवर बेडचा नंबर होता, पोटॅशियमचा आकडा होता, त्यापुढे मोठ्या अक्षरांत धोका लिहिलेला होता.

"ये अब आया है?"

"अभी आया है," ती म्हणाली.

"तो अब चलो. मैसेज आ गया ना? चलो, देखो उसे."

केस धरूनच त्याने तिला कॉरिडॉरमधून फरफटत नेलं. मी भिंत धरत मागे गेलो. वॉर्डात अकरा नंबरपाशी कॅज्युअल्टीचा डॉक्टर आजींना इंजेक्शन देत होता, त्याने मान वर केली नाही. सहा नंबरवरची चादर भावाने ओढून काढली. "ठीक से देखो," तो म्हणाला.

तिने पाहिलं. मेलेल्या माणसाची नाडी पाहिली, पापण्या उघडून बुबुळं पाहिली, सिस्टरच्या गळ्यातला स्टेथोस्कोप मागून घेतला आणि छातीला लावून बराच वेळ ऐकत राहिली. लाठ्या घेतलेली माणसं गोल करून उभी होती. मग तिने चादर नीट केली आणि म्हणाली, "नहीं रहे."

"टाइम पे मैसेज आता तो बच जाता?"

साहेब तोवर दारात येऊन थांबले होते. त्यांनी मान जोरजोरात हलवली, नाही म्हण, नाही म्हण. मीही मनातून तेच ओरडत होतो. एक शब्द म्हणायचा होता, नाही. आजार जुना होता, किडन्या केव्हाच गेलेल्या होत्या, कुणी उलटून विचारणार नव्हतं. ती जिवंत घरी गेली असती.

ती म्हणाली, "हाँ. शायद बच जाते. मैं यहाँ होती तो इंजेक्शन देती."

भावाच्या हातातली लाठी वर गेली ती मी पाहिली आणि मध्ये हात घातला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मला दुखण्याच्या आधी ऐकू आला. मी खाली पडलो. त्याने लाठी पुन्हा उगारली आणि तिला म्हणाला, "फिर से बोल." ती जागची हलली नाही. केस सुटलेले, कुंकू गालापर्यंत ओघळलेलं. तिने तेच पुन्हा सांगितलं, शब्दही बदलला नाही.

त्याने लाठी घातली ती शेजारच्या रिकाम्या पलंगावर. एकदा, दोनदा, मग मोजायच्या पलीकडे. गादी फाटली, लोखंडी कठडा वाकला, लाठीच्या चिरफळ्या उडाल्या. हातात फक्त मूठ राहिली तरी तो मारतच होता. त्याच्याच गावच्या माणसांनी अखेर त्याला मागून मिठी घातली. पोलीस आले तेव्हा तो मेलेल्या भावाच्या पायांपाशी बसला होता.

प्लास्टर चढवताना मुलगी माझा हात धरून उभी होती. तिच्या टाळूवरची कातडी केसांसकट निघाली होती, तिथे कुणीतरी कापूस लावला होता. मला तिचा असा संताप आला होता की सांगता सोय नाही. उजवा हात मोडला नसता तर मीच तिला एक ठेवून दिली असती. म्हटलं, "अगं मूर्खा, तोंडातून नाही असा एक शब्द काढायला तुझं काय जात होतं? मेली असतीस! कशाला सांगितलंस त्याला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. प्रश्न तिला खरोखरच कळला नव्हता.

"त्यांनी विचारलं होतं नं, काका."