भिंतीकडे तोंड असलेली खुर्ची

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी आणि इरफान तिसगावच्या एका हॉटेलात जेवणाची वाट बघत बसलो होतो. नगरला आमचं तिघांचं ऑफिस आहे. हॉटेलं, ढाबे, परमिट रूम यांची आतली सजावट करून द्यायची, हे आमचं काम. दर शनिवारी कुठल्या तरी हॉटेलात नाहीतर बारमध्ये जायचं, जेवायचं आणि नुसतं बघायचं, हा शैलाचा नियम. दवाखान्यात पडल्या पडल्याही तिनं तो मोडू दिला नाही. "मी नाही म्हणून घरी लोळत बसू नका," असं बजावूनच तिनं आम्हाला पाठवलं होतं. फोनवर तिचा भाऊ होता. "ताई गेली..." एवढंच म्हणाला. इरफाननं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ओळखलं. भिंतीकडे तोंड असलेली तिसरी खुर्ची आम्ही सवयीनं रिकामी ठेवली होती. वेटरनं ताटं आणली, ती तशीच ठेवून आम्ही उठलो.

त्या खुर्चीचं सांगायलाच हवं. शैला कॉलेजपासूनची माझी मैत्रीण, पण तिच्यासारखं बघणं मला कधी जमलं नाही. हॉटेलात शिरलं की माझी नजर छताकडे, दिव्यांकडे. शैला मात्र सगळ्यात आतली, भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची धरायची. घरची माणसं जेवायला आली की रस्ता, दार, टीव्ही दिसणाऱ्या खुर्च्यांवर पुरुष बसतात आणि बाई लेकराला घेऊन आपसूक आत सरकते, हे तिनं हेरलं होतं. "शैले, भिंतीवर काय सिनेमा लागलाय का?" असं मी चिडवायची. ती गंभीरपणे म्हणायची, "स्विचबोर्ड, पालीची शेपटी आणि 'येथे हात पुसू नयेत'. बायकांना एवढंच दाखवतात." परमिट रूममध्ये आम्ही दोघी शिरलो की वेटरची धांदल उडायची, आणि तो आम्हाला फॅमिली रूम नावाच्या प्लायवूडच्या खोक्यात नेऊन वर तेलकट पडदा ओढायचा. माझ्या सासूबाई तर कपाळाला हात लावायच्या. "सून बार बघायला जाते, हे कुणाला सांगू मी?"

एकदा शिंगणापूरच्या वाटेवर आम्ही उसाचा रस प्यायला थांबलो. रसवंतीच्या चारही बाजू उघड्या. दर्शनाहून आलेल्या बायका रस्त्याकडे तोंड करून, पाय मोकळे सोडून बसल्या होत्या. येणाऱ्याजाणाऱ्यांवर शेरे मारून हसत होत्या. शैला ग्लास हातात धरून त्यांच्याकडेच बघत राहिली, रसातला बर्फ विरघळून गेला तरी. फॅमिली रूमला रस्त्याकडची खिडकी द्यायची, हा तिचा हट्ट तिथून सुरू झाला. एक मालक ऐकेल तर शपथ. मिरजगावला हायवेवर ज्यांचं हॉटेल आम्ही करत होतो ते भाऊ तर हसलेच. "म्याडम, बायामानसं कुनाला दिसू नयेत म्हनून तर ती खोली हाय!" शैला म्हणाली, "त्या कुणाला दिसू नयेत, हे कळलं. पण त्यांनाही काही दिसू नये का?" भाऊंनी चहा मागवला, खिडकीचा विषय तिथंच राहिला.

मग तिला अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. घास उतरेना. तरी शनिवार चालूच. आमच्यासाठी शेवभाजी मागवायची आणि स्वतः ताकाचा ग्लास पुढ्यात घेऊन बसायची. मला तिच्यासमोर जेवायची लाज वाटायची, आणि नाही जेवले तर ती ओरडायची. शेवटची आमच्याबरोबर बाहेर पडली ती मिरजगावला. तिची ती दशा बघून भाऊंना भडभडून आलं. "म्याडम, खिडकी काढू आपन," म्हणाले. तिनं स्वतः खडूनं भिंतीवर चौकोन आखला. परतताना गाडीत ती बोटांवरचा खडू पुसत होती. मग म्हणाली, "कीव आली म्हणून दिली गं त्यांनी..." थोड्या वेळानं म्हणाली, "असू दे. झाली की मला घेऊन चला. एकदा रस्त्याकडे तोंड करून बसायचंय." मी हो म्हटलं. ते राहूनच गेलं, आणि ते मला आतून खात असतं.

दिवसकार्य झाल्यावर मिरजगावच्या भाऊंचा फोन आला, काम पुरं झालंय, येऊन बघून जा. पुढच्या शनिवारी आम्ही गेलो. फॅमिली रूममध्ये भर दुपारी ट्यूबलाइट चालू. शैलाच्या मापाची खिडकी होती, काचही बसली होती, पण काचेपलीकडे सगळं मळकट पांढरं. मला काही उमजेना. भाऊ आम्हाला कौतुकानं बाहेर घेऊन गेले. खिडकीवर लाकडी चौकटीत ताणलेला फ्लेक्स होता. त्यावर शैलाचा हसरा फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

"नगरहून छापून आनला. हायवेवरनं लांबून दिसतोय बगा," भाऊ म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. त्या माणसावर रागवायचं तरी कसं?

"भाऊ, तिला इथं बसून रस्ता बघायचा होता हो," मी कशीबशी म्हणाले.

भाऊंनी एकदा फोटोकडे बघितलं, एकदा खिडकीकडे. "रस्त्यावरनं दिसनारी तेवढीच जागा हुती, ताई... माज्या ध्यानातच न्हाई आलं." मग स्वतःच स्टुलावर चढले, खिळे उपसले आणि चौकट इरफानच्या हातात देताना म्हणाले, "म्याडमला खाली ठिवू नगा."

आत येऊन मी रस्त्याकडे तोंड करून बसले. इरफान न सांगता भिंतीकडच्या खुर्चीत बसला. पंक्चरचं दुकान दिसत होतं, कांद्याचे टेम्पो, एसटीची वाट बघणारी एक म्हातारी... एवढंच. मला रडू आवरेना.

तो फ्लेक्स आम्ही गाडीच्या टपावर बांधून ऑफिसात आणला. टाकवत नाही, आणि लावावा असंही वाटत नाही. धूळ बसू नये म्हणून इरफाननं तो त्या संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून टेकवून ठेवला होता. सोमवारी ऑफिस उघडल्यावर मी आधी तो फिरवला. आता शैला खिडकीकडे तोंड करून असते. बाहेर तसं खास काही नाही, समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी आणि थोडा रस्ता.