कुरुळीत वर चढलेला मॅग्मा

कुरुळीचे हनीफभाई पोलादाचा आरसा करून देतात. गिअरचा तुकडा कापायचा, गोंदात बसवायचा, घासघास घासायचा आणि त्यात आपली दाढी नीट दिसली की कंपनीच्या तपासणीला पाठवायचा. चाकणची सगळी घाई शेवटी त्यांच्या हॉटप्लेटवर येऊन बसते, कारण तापवलं की गोंद लवकर धरतो. तिला ते लाडानं तवा म्हणतात. बायको झुलेखा म्हणते, सवत.

अशा माणसाकडे ऋता दगड घेऊन आली. ती एका दूरच्या बेटावरच्या ज्वालामुखीवर पीएचडी करत होती. दगडातल्या हिरव्या खड्यांच्या पातळ, चकचकीत चकत्या तिला हव्या होत्या.

"यात काय बघणार, ताई?"

"बुडबुडे. खडा जमिनीखाली मॅग्म्यात, म्हणजे वितळलेल्या खडकात, तयार होताना त्यात वायू अडकतो. जितकं खोल, तितका गच्च. तो किती गच्च आहे ते मोजलं, की मॅग्मा किती खोल साठला होता ते कळतं. फक्त तापवू नका हं. बुडबुडा तडकला, थोडा वायू निसटला, की सगळं खोटं."

"बिनधास्त राहा."

बिनधास्त राहिले ते स्वतःच. त्याच आठवड्यात एका कंपनीतून रणजीतचा फोन आला, "भाई, लाइन थांबलीय राव!" हनीफभाईंनी पोलादाचे तुकडे तव्यावर मांडले आणि हाताच्या सवयीनं शेजारी ऋताचे खडे चिकटवलेल्या काचाही ठेवल्या. तवा फुल्ल. करपलेल्या गोंदाचा वास आला तेव्हा कुठं त्यांना ऋताचं बोलणं आठवलं. त्यांनी काचा उचलल्या, खडे नव्यानं चिकटवले आणि असे घासले की पाहत राहावं. खडे पाठवले, पण बोलले काहीच नाहीत.

पुढे भूक मेली. झुलेखाच्या बिर्याणीला त्यांनी दुसऱ्यांदा ताट पुढं केलं नाही, तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टरकडे जायचं की मौलवीकडे?"

मग एक दिवस ऋता पेढे घेऊन आली.

"हनीफभाई, कमाल झाली! मॅग्मा सगळे म्हणत होते त्यापेक्षा कितीतरी वर आहे! माझे गाइड सदाशिव सर तर म्हणतात, बेटावरच्या लोकांना सावध करायला हवं."

पेढा हनीफभाईंच्या टाळूला चिकटला. निसटलेला वायू म्हणजे कमी गच्च, कमी गच्च म्हणजे कमी खोल, एवढा हिशोब त्यांनाही जमला. ज्वालामुखीनं युगानुयुगं जे केलं नसतं, ते त्यांनी कुरुळीत बसून एका तव्यावर केलं होतं. डोळ्यांपुढं बेटावरची माणसं दिसायला लागली, डोक्यावर गाद्या घेऊन बोटीत चढणारी.

"ताई, मॅग्मा वर नाय आला," ते म्हणाले. "मी आणला."

मग त्यांनी तव्यासकट सगळं सांगितलं.

ऋता ओरडली असती तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसली आणि पेढ्याच्या डब्याचं झाकण लावत राहिली.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"पॉलिश फार छान झालं होतं," हनीफभाई पुटपुटले, आणि बोलता बोलता स्वतःच शरमले.

"मला आता सरांना फोन करून सांगायचंय, की मी चुकले."

"मी बोलतो त्यांच्याशी."

"नको. खडे माझे होते."

ती बाहेर जाऊन बराच वेळ फोनवर बोलली. आत आली तेव्हा डोळे लाल होते. पर्समधून तिनं एक डबी काढून टेबलावर ठेवली. तळाशी मोजकेच हिरवे खडे उरले होते.

"हे शेवटचे. तुमच्यासारखं घासणारं दुसरं कोणी नाही, हाच माझा त्रास आहे."

मग तिनं तव्याची पिन उपटली, तवा काखेत मारला आणि स्कूटरच्या पायरीवर ठेवून घेऊन गेली. झुलेखा दारातून बघत होती. "माझं जन्मात जमलं नाही ते पोरीनं केलं," ती म्हणाली.

तेवढ्यात रणजीतचा फोन आला. "भाई, लाइन थांबलीय!"

"थांबू दे," हनीफभाई डबी छातीशी धरून म्हणाले. "गोंद आपला आपण वाळंल."