हळद लावलेलं समुद्रपाखरू

खोपोलीच्या कारखान्यातली पाळी संपवून सहदेव कडावला आला, की गळ्यात दुर्बीण अडकवून बांधावर निघायचा. गावानं त्याला ‘पाखऱ्या’ नाव ठेवलं होतं. त्याचं त्याला काही नव्हतं. तालुक्यात कुणी न पाहिलेलं एक तरी पाखरू आपल्या नावावर लागावं, एवढाच त्याचा हट्ट. पण पक्षिमित्रांच्या ग्रुपवर त्यानं काहीही टाकलं, की अक्षय नावाचा जाणकार ‘फोटो स्पष्ट नाही’ म्हणून मोकळा व्हायचा.

यंदा समुद्राकडून वादळी वारा सुटला आणि शेजारच्या अंबाआत्याचा निरोप आला, शेतात कसलंसं काळं पाखरू पडलंय. सहदेव अनवाणीच धावला.

आत्यानं उचलून आणलेलं, लांब पंखांचं तपकिरी पाखरू टोपलीत होतं. समुद्रावरचं! काळ्या सुरयाचं, म्हणजे भर समुद्रात राहणाऱ्या त्या दुर्मीळ पक्ष्याचं, पिल्लू असलं तर सोनंच. पण नॉडी नावाचं समुद्रपाखरूही तसंच तपकिरी. सुरयाच्या पिल्लाच्या पाठीवर पांढरे ठिपके असतात, नॉडीची पाठ कोरी. शेपटीवरूनही कळतं, पण याची शेपटी मोडलेली. आणि पाठ बघावी, तर पिवळीधमक!

“आत्ये, हे काय केलंस गं?”

“खरचटलं हुतं रं. खोबरेल नि हळद लावली. माणसाला चालते, मंग पाखराला नाय का चालत?”

सहदेवनं कपाळावर हात मारला. तरी फोटो टाकला. अक्षयचं उत्तर लगेच हजर: ‘नॉडीच आहे. हळदीकुंकू उरकलं वाटतं!’ खाली चौघांची हसणारी तोंडं.

सहदेवच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं पाणी कोमट केलं, साबण आणला. एकदा पाठ धुतली की अक्षयचं तोंड बंद. पण पाखराची मान कलंडत होती. अशा दमलेल्या जिवाला भिजवलं तर ते गारठून मरणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शेवटी त्यानं साबण अंगणात भिरकावला, आत्याला, वाऱ्याला नि स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या आणि खोपोलीच्या प्राणिमित्रांना फोन लावला. ते खोक्यात घालून पाखरू घेऊन गेले.

आठवड्यानं ग्रुपवर फोटो झळकला. मासळी खाऊन पाखरू तरतरीत झालं होतं, मग प्राणिमित्रांनी त्याला नीट धुतलं होतं. पाठभर पांढरे ठिपके! ‘काळ्या सुरयाचं पिल्लू, तालुक्यातली पहिलीच नोंद,’ आणि खाली नाव प्राणिमित्रांच्या म्होरक्याचं. पहिलं अभिनंदन अक्षयचं.

पाखरू जगलं याचा सहदेवला आनंद झाला, खोटं कशाला बोला. पण दिवसभर तो तीच नोंद पुन्हापुन्हा उघडून खालचं नाव वाचत राहिला. संध्याकाळी अंबाआत्यानं चहाला हाक मारली.

“जगलं का रं ते?”

“जगलं. सोडलं पण समुद्रावर.”

“बघ!” आत्या हरखून म्हणाली. “तू उगा माज्यावर वरडलास. माजी हळदच लागू पडली.”

“हां, आत्ये,” सहदेव म्हणाला आणि चहा तसाच ठेवून उठला.