शीग लावलेला मग्गा

अन्याय मिलिंद खरातवर झाला. तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, एका मंगळवारी, सकाळच्या फॉलइनच्या हजेरीनंतर. वायरलेसवर, अख्ख्या पोस्टसमोर त्याला चोर ठरवलं. मी तिथंच उभा होतो.

मिलिंद आमच्या पोस्टचा कुक. गाव कुंभार पिंपळगाव. मी केदारखेड्याचा. एका जिल्ह्याचे, म्हणून तो मला पाव्हणं म्हणायचा. पोस्ट फौजेची, सीमेवरच्या बर्फातली. हिवाळाभर रस्ता बंद. राशन माणशी ग्रॅमवर चालतं, पण काटा थंडीनं बंद पडलेला. म्हणून खालच्या तळावरून हिशेब ठरवून आला: एक मग्गा आटा म्हणजे अर्धा किलो. मिलिंद किती मग्गे काढले ते सांगायचा, खाली तेवढं वजन वजा व्हायचं. पोती बर्फातल्या खड्ड्यात होती. ती कुणी मोजत नव्हतं.

त्या सकाळी मिलिंद खड्ड्यातून वर आला.

"पाव्हणं, शेवटचं पोतं झटकलं. उद्याला पीठ न्हाई."

हेलिकॉप्टर उडत नव्हतं. वारा थांबत नव्हता. सुभेदार साहेबांनी वायरलेसचा सेट उचलला.

"आटा खतम. ओव्हर."

खालून उत्तर आलं, "रेकॉर्ड में दो बोरी बाकी है. गया कहाँ? कुक से पूछो. ओव्हर."

सगळे मिलिंदकडं बघायला लागले. मीही.

"बर्फात पीठ कुणाला इकू, साहेब?" तो म्हणाला. कुणी हसलं नाही.

खालच्या पोस्टवरून राशन आणायला आम्ही चौघं दोरी बांधून निघालो. कुकला जायची गरज नव्हती.

"हितं बसून ह्यांचे डोळे बघू का?" म्हणाला, आणि माझ्या पुढं लागला.

उतारावर पायाखाली बर्फ धप्प वाजला. दोरीला हिसका बसला, मी तोंडावर आपटलो, दोरी सैल पडली. ओढली तर तुटलेलं टोक हातात आलं.

मिलिंद तिसऱ्या दिवशी बर्फाच्या भेगेत मेलेला सापडला. माझ्या पायाची बोटं हिमदंशानं गेली. मला बोर्ड आउट केलं, म्हणजे अनफिट ठरवून फौजेतून घरी पाठवलं.

घरी आल्यावर त्याच्या आईला, कौसाबाईंना भेटायला गेलो. तेवढ्यात शेजारीण उसनं पीठ मागायला आली. मिलिंदच्या सामानातून आलेला पोस्टवरचा तोच मग्गा मावशींनी पिठाच्या डब्यात घातला आणि वर डोंगर उभा राहीस्तोवर भरला.

"मावशी, काठाला सपाट करा की."

"सपाट माप कुणी देतं का, बाबा? शीग पाहिजे. मिलिंदबी असाच भरायचा."

मग्गा मागून घेतला, तडक किराणा दुकानात काट्यावर ठेवला. सपाट भरला: अर्धा किलो. शीग लावून: सातशे ग्रॅमच्या वर. म्हणजे चोरी झालीच नव्हती. आटा आमच्याच पोटात गेला होता. चपाती जास्तीची मिळायची तेव्हा आम्ही मिटक्या मारत होतो. माप ठरवणाऱ्याला 'सपाट भरा' एवढं सांगणं जड झालं, आणि जीव मिलिंदचा गेला.

ती बातमी मिलिंदच्या गावापर्यंत पोचली; टपरीवर अजून त्याला पीठचोर म्हणतात. तुम्ही म्हणाला असाल, तर आज घरातलं कुठलंही भांडं शिगेनं भरा, वजन करा. काठाला सपाट करून पुन्हा करा. नंतर कौसाबाईंच्या दारात जा आणि सांगा, मिलिंद चोर नव्हता. चारचौघांत सांगा. बोलला होतात तेही चारचौघांतच.