हातावर सूज आली नाही

माझी धाकटी बहीण आरमोरीकडच्या गावात राहते. नवरा वारला तेव्हा तपासणीत तिलाही एचआयव्ही निघाला. पण रोजची गोळी घेऊन सात वर्षं ती ठणठणीत होती. मी चंद्रपुरात ब्लाउज शिवते आणि दर रविवारी फोनवर विचारते, "गोळी घेतली का व?" ती म्हणते, "घेतली ना बाई." यंदा रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, गेली तेव्हाही तेच म्हणाली. साफ खोटं.

रोवण्याला बायांची टोळी परगावी जाते. महिनाभर सगळ्यांनी एकाच खोलीत निजायचं, एकाच गंजातला भात खायचा. मागच्या साली एकीनं विचारलं होतं, "कायच्या गोळ्या व?" ताकदीच्या म्हणून हिनं वेळ मारून नेली. पण खरं कळलं तर टोळीतून काढतील, ही धास्ती मनात बसली आणि यंदा गोळ्यांची डबी घरीच ठेवली. परतल्यावरही सुरू केली नाही. म्हणे, काही होऊन तर नाई राह्यलं.

मग खोकला लागला, ताप येऊ लागला. तिथल्या डॉक्टरांनी टीबी पाहायला हातावर इंजेक्शन टोचलं. जागा सुजली तर टीबीचा संशय. एचआयव्हीचं मात्र या बाईसाहेबांनी त्यांना सांगितलंच नाही. हात सपाट राहिला. "बाई, टीबी नाई निघाला!" केवढी खूश होती ती. मीही येडी, देवापुढे साखर ठेवली.

वीस दिवसांनी तिला एसटीची पायरी चढवेना. चंद्रपूरच्या दवाखान्यात आणलं, तर थुंकीत टीबी निघाला. मी तिथल्या डॉक्टरीणबाईंशी भांडलेच. मग हात कसा नाही सुजला?

त्या शांतपणे म्हणाल्या, "सूज येते ती अंगातल्या पेशी धावून येतात म्हणून. एचआयव्ही त्यातल्या कितीतरी मारतो. उरलेल्या रोज त्याच्याशीच लढून थकतात. मग टीबी समोर आला तरी त्या उठत नाहीत. गोळीनं विषाणू दबून राहतो, म्हणून त्यांना दम घेता येतो. हिनं गोळीच बंद केली."

म्हणजे ज्या सपाट हातावर आम्ही खूश झालो, तोच वाईट होता. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

टीबी पसरतो, म्हणून रोवण्यात तिच्यासोबत एका खोलीत निजलेल्या सगळ्या बायांची तपासणी करायला हवी होती. बहिणीनं माझं मनगट धरलं, "टीबीचंच सांग, बाकी सांगू नोको." टोळीच्या मुकादमीण बाईला मी फोन लावला. माझा फोन बिघडलेला, बोलणं स्पीकरवरच ऐकू येतं, त्यामुळे बहीणही ऐकत होती.

"टीबी झाला?" ती म्हणाली. "यंदा तिनं गोळ्या नाई आणल्या, तवाच मले भेव वाटलं. माह्या भावाले त्याच गोळ्या हायेत, मी ओळखतो ना."

"मंग बोलली काऊन नाई तू?" मी ओरडलेच.

"तीच लपवे, तं मी कायले बोलू? तिले लाज वाटली असती." मग म्हणाली, "बायांले मी घेऊन जातो तपासाले. तिले म्हणा, पुढच्या रोवण्याची तिची जागा हाय."

फोन बंद झाला. बहीण छताकडे पाहत होती.

"मंग मी गोळ्या काऊन सोडल्या बाई?"

तिला झापायला मी केव्हाची टपून होते. पण तेवढ्या बोलण्यानंही तिला धाप लागली होती, आणि ती वाचेल असं डॉक्टरीणबाईंनी अजून म्हटलं नव्हतं.