पुठ्ठ्याचं कार्ड

धाराशिवला बसस्टँडमागं एका काकांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. कुठलंही काम हातात घेण्याआधी ते एकच विचारतात, "घाई हाय का?" हो म्हटलं की मशीन परत देतात.

गेम खेळायला म्हणून मी ऑनलाइन भलंमोठं ग्राफिक्स कार्ड मागवलं आणि सीलबंद खोकं डेस्कटॉपसकट त्यांच्यापुढं ठेवलं. माझा डेस्कटॉप कंपनीतून तयार आलेला, बिस्किटाच्या डब्याएवढा.

"घाई न्हाय," मी खोटंच बोललो.

त्यांनी खोक्याला हात लावला नाही. वर छापलेलं कार्डाचं माप बघून तेवढाच पुठ्ठा कापला आणि तो मशीनमध्ये सरकवला. पुठ्ठा अर्ध्यातच अडला.

"सील फोडलं न्हाय ना? मग द्या धाडून परत."

माझा जीव भांड्यात पडला.

कमी विजेवर चालणारं बुटकं कार्ड त्यांनीच सुचवलं. ते आल्यावरही आधी पुठ्ठाच कापला. तो अलगद बसला, तेव्हा कुठं खोकं उघडलं. गेम विनाअडथळा पळायला लागला. मशीन घरी न्यायला मी पिशवी उघडून उभाच होतो. एकेक स्क्रू सावकाश आवळत ते म्हणाले, "आता हाय का घाई?"

"लई!"

त्यांनी पेचकस खाली ठेवला आणि दोन चहा सांगितले.